उजेडबाबांचं बोट

सभागृहातले दिवे मालवले आणि शंभर-सव्वाशे माणसं चिडीचूप झाली. समोरच्या बाकावर माझी थोरली बहीण आडवी पडली होती. उजेडबाबांनी विचारलं, "कुठे दुखतं, बाई?" ताईने जागा दाखवली. तिथे त्यांनी एका बोटाने गार मलम चोळलं आणि जांभळा दिवा धरला. पोटावर लिंबाएवढा हिरवा डाग झळकला.

"लपून बसली होती बघा," बाबा म्हणाले. "गाठ म्हणजे अंधार, अंधार म्हणजे काळजी, आणि काळजी म्हणजे पुन्हा गाठच. डॉक्टर कापतो, मी नुसता पुसतो."

ओला टॉवेल एकदाच फिरला आणि डाग नाहीसा झाला. ताई आनंदाने रडू लागली. दाराशी उभ्या मला मात्र सगळं ओळखू आलं, कारण ही करामत माझीच होती.

झालं होतं असं. मी इस्पितळात रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या खोलीत तंत्रज्ञ आहे. मोठ्या आतड्यातली गाठ काढली की उरलेली दोन टोकं जोडावी लागतात. रक्त न पोचणारं टोक जोडलं तर सांधा सुटतो आणि रोगी दगावू शकतो. म्हणून शिरेतून एक रंग देतात. रक्त जाईल तिथवर तो जातो, रोबोटचा कॅमेरा तो टिपतो आणि पडद्यावर तेवढं आतडं हिरवं दिसतं.

वर्षापूर्वी आमच्या वसाहतीच्या कार्यक्रमात मी हे समजावून सांगितलं होतं. रबरी नळीवर पिवळ्या हायलायटरने रेघ ओढली आणि एकाला तिच्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च धरायला लावला. ताई पहिल्या रांगेत होती. "हा तर चमत्कारच," कोणीतरी म्हणालं. "चमत्कारच समजा," मी म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. खरा रंग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हिरवेपणा यंत्र पडद्यावर भरतं, आणि तो गाठ नव्हे तर रक्त कुठवर पोचलं ते दाखवतो, हे सगळं मी गिळून टाकलं. रुक्ष वाटलं असतं ना. त्या दिवशी माझा टॉर्च धरून उभा होता स्पीकर भाड्याने देणारा. तोच आता पांढरी शाल पांघरून उजेडबाबा झाला होता.

पुढे ताईच्याच मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेची तारीख ठरवून मी दीड महिना प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेलो होतो. फोनवर ती "मी बरी आहे" एवढंच म्हणायची आणि मीही खोलात शिरलो नाही. परतलो तेव्हा कळलं की तिने तारीखच रद्द केली होती. "अरे, तुझ्या मशीनसारखाच हिरवा उजेड," ती म्हणाली, "फक्त इथे कापाकापी नाही."

म्हणून तिच्या मागोमाग मी या सभागृहात आलो होतो. डाग पुसला जाताच मी पुढे गेलो आणि बाबांच्या हातातला दिवा काढून त्यांच्याच बोटावर धरला. बोट हिरवंगार झळकलं. टॉवेलही झळकला.

"भक्तांच्या गाठी मी अंगावर घेतो," बाबा शांतपणे म्हणाले.

"आणि सगळ्या एकाच बोटावर ठेवता?"

कोणीतरी फिसकन हसलं. मी खिशातला हायलायटर काढून तळहातावर रेघ ओढली आणि दिव्याखाली धरली. तीही तशीच झळकली. प्यायच्या पाण्याने पुसली, गेली. "बघा, मीही बरा झालो," मी म्हणालो. "मलमात हीच शाई कालवली आहे. दुखतं कुठे ते तुम्ही सांगायचं, शाई हे लावणार."

पहिल्या रांगेतल्या एक शिक्षिका उठल्या. "तुम्हाला हे इतकं नेमकं कसं ठाऊक?"

थाप मारता आली असती. पण ताई माझ्याकडे बघत होती. "मीच यांना शिकवलं," म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"ऐका," बाबा म्हणाले, "मी चोर, तर हे माझे गुरू." यावर कोणी हसलं नाही. मला तर मान वर करवेना.

ताईने कपडे सावरले. "म्हणजे गाठ आहे तशीच आहे?"

"तशीच नसेल," मी म्हणालो. "दीड महिना तिला मोकळं रान मिळालंय."

नऊ दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. सख्खी बहीण म्हणून मला यंत्रावर बसू दिलं नाही. मी काचेपलीकडून पाहिलं. पडद्यावर आतडं हिरवं होत गेलं आणि टोकाकडचा चार बोटं लांबीचा भाग काळाच राहिला. सर्जनबाईंनी तेवढा भाग कापला आणि मग सांधा केला. तो टिकला. पण तपासणीत शेजारच्या दोन ग्रंथींत रोग सापडला. आता सहा महिने औषधं, आणि त्यांचे सगळे हाल.

"वेळेवर केलं असतं तर या दोन सुटल्या असत्या?" ताईने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. कदाचित सुटल्या असत्या."

ती म्हणाली, "मला तेव्हाच नीट सांगितलं असतंस तर मी गेले नसते रे."

बाबाला पोलिसांनी नेलं, त्याला नावं ठेवणं सोपं आहे. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो: कोणी अंधारात काही दाखवलं तर आधी दिवे लावायला लावा, ते कशाने होतं ते विचारा आणि आजार असेल तर तारीख पुढे ढकलू नका. आणि ज्याला कारण ठाऊक आहे त्याने ते रुक्ष वाटलं तरी पूर्ण सांगावं. मी अर्धंच सांगितलं. त्याची शिक्षा मला नाही, ताईला झाली.