मॅडमनी विचारलं की नाही म्हणायचं

फौजदारी वकिलीचा पहिला धडा काय मिळाला मला? गप्प बसायचं. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

मी स्नेहल. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात रविराज सरांच्या हाताखाली काम शिकते. तालुक्याचं नाव घेत नाही, सगळे ओळखीचे आहेत. त्या दिवशी सरांकडे सरकारी खर्चानं वकील मिळालेला आरोपी होता, परवेझ. टेम्पो चालवायचा. विहिरीवरच्या मोटारी चोरल्याचा आळ होता आणि पोलिसांना त्याची कोठडी वाढवून हवी होती.

कोर्टाच्या पायरीवर त्याच्या आईनं, इमामबीनं, मला गाठलं. "बाई, त्याच्या पायात चप्पल जात न्हाई. तळवे लई सुजल्यात. परत त्यांच्याकडं दिला तर माझं लेकरू हाती लागायचं न्हाई."

मी तशीच सरांकडे गेले. सर परवेझला समजावत होते. "मॅडम विचारतील, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का. नाही म्हणायचं. मग हे लोकपण सांभाळून घेतात." शेजारी हवालदार गहिनीनाथ तंबाखू मळत मान डोलवत होता. आरोपीचा वकील आणि पोलीस, एकाच सुरात.

"सर, त्याला मारलंय," मी म्हणाले.

"सगळ्यांनाच मारतात. आपल्याला रोज यांच्याशीच काम पडतं. तू फाइल धर."

धरली फाइल. 

पुकारा झाला. परवेझ कठड्याला धरून उभा राहिला. मॅजिस्ट्रेट बाईंनी मान वर न करताच विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

त्यानं आधी हवालदाराकडं बघितलं, मग सरांकडं. "न्हाई."

बाई लिहायला लागल्या. माझं टाळकंच सरकलं. मी उठून म्हणाले, "मॅडम, याला दारापर्यंत चालायला सांगा."

"तुम्ही कोण?"

"लॉची विद्यार्थिनी."

"मग तुम्हाला इथं बोलता येत नाही. खाली बसा."

"बसते. पण त्याला चालायला सांगा."

सरांनी माझ्या हातातली फाइल हिसकावून घेतली. बाईंनी मात्र आता परवेझकडे नीट बघितलं. "चाला," त्या म्हणाल्या. गहिनीनाथ लगबगीनं त्याचा दंड धरायला गेला, तर म्हणाल्या, "तुम्ही मागं व्हा." परवेझनं कठडा सोडला, एक पाऊल टाकलं आणि कळवळून खाली बसला.

कोठडी वाढली नाही. आधी सरकारी दवाखान्यात तपासणी, मग पोलिसांकडे परत न देता थेट तुरुंग, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." म्हटलं, बरं.

दवाखान्यात न्यायला माणूस कोण? तोच गहिनीनाथ. इमामबीला घेऊन व्हॅनपाशी गेले तर परवेझ आतून त्याला हात जोडत होता. "सायब, मी काय बोललो न्हाई. ती बाईच बोलली."

"मग डॉक्टरलापन हेच सांग," गहिनीनाथ म्हणाला.

"हो, मीच बोलले," मी म्हणाले. "माझं नाव लिहून घ्या. आणि दवाखान्यात आम्हीपण येतोय."

परवेझनं जाळीला तोंड लावलं. "ताई, पाया पडतो, तुमी येऊ नका."

माणसाला एवढं भ्यायला शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यात माझे सरपण होते. इमामबीला स्कूटीवर बसवलं आणि व्हॅनच्या मागंच निघाले.