खटका खालीच राहिला

हॅलो, आवाज येतोय का? मी हेडफोन बोलतोय. जन्मभर माझ्यातून लोक एकमेकांना हेच विचारत आले. आज मी विचारतोय, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

माझी पहिली नोकरी तक्रारी ऐकून घेणाऱ्या एका ऑफिसात होती. तिथली माणसं गोड गोड बोलत आणि मग माझ्या वायरवरचा इवलासा खटका खाली सरकवून आवाज बंद करत. मनातलं काय ते त्यानंतर बाहेर पडे. खटका खाली असताना माणूस खरं बोलतो, हे शहाणपण मला तिथे आलं. पुढे डाव्या कानाचा स्पंज फाटला आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथे माल पोचवायला आलेल्या एका टेम्पोवाल्याने मला मागून घेतलं. घरी नेऊन त्याने फाटक्या कानावर लेकीच्या जुन्या मोज्याचं पिवळं कापड शिवलं. टाके वेडेवाकडे होते, पण माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं.

"बघ भिंगरे, झाला की नाही नवाकोरा?" तो म्हणाला.

भिंगरी म्हणजे त्याची आठ वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ. बाबा कामावर गेला की आईच्या फोनवरून दहा वेळा त्याला फोन करायची. "बाबा, कुठवर आलास?" तोही दर वेळी उचलायचा.

एका दुपारी वळणावर टेम्पो उलटला. बाबा परत आला नाही.

भिंगरी गप्प झाली. वर्गात नुसती बसून राहायची, रात्री दचकून उठायची. शाळेने एका समुपदेशक ताईंची सोय करून दिली. दर बुधवारी चार वाजता त्या लॅपटॉपवर दिसणार, भिंगरीशी एकटीशी बोलणार आणि मग शाळेला अहवाल देणार.

अहवाल म्हटल्याबरोबर आईने धसका घेतला. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्री करते. तिथे चादरीवर एक सुरकुती दिसली तरी चादर परत येते आणि वर बोलणी खावी लागतात. तिला वाटलं, हेही तसंच असणार. शाळेने पोरगी परत पाठवली तर?

म्हणून बुधवारी ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेई. इस्त्रीचं टेबल भिंगरीच्या उंचीला लावून त्यावर लॅपटॉप ठेवी. ओल आलेल्या भिंतीवर कडक इस्त्रीची चादर टांगी. भिंगरीचे केस विंचरून दोन क्लिपा लावी, मला तिच्या डोक्यावर बसवी आणि मग उजळणी सुरू होई.

"झोप लागते का?"

"लागते."

"लगेच म्हण. बाबांची आठवण आली की काय करतेस?"

"रडते."

"अगं, रडते काय? चित्र काढते म्हण. ताईंना बरं वाटेल." असं म्हणताना आई उगाच क्लिपा नीट करत बसायची. "आणि हा खटका नीट सांभाळ. घरातली खुडबुड त्यांना ऐकू जायला नको. प्रश्न आला की वर, उत्तर झालं की खाली."

ताईंनी सांगितल्याप्रमाणे ती जिन्यात जाऊन बसे. मला तिचा राग येत नाही. तिला जे काम येत होतं, तेच ती जीव ओतून करत होती.

पोर हुशार. सहा बुधवार खटका वर, "लागते," खटका खाली. वर, "चित्र काढते," खाली. त्या घरात एकही चित्र नव्हतं.

सातव्या बुधवारी ताईंचे प्रश्न संपले. त्या काहीतरी लिहीत होत्या. भिंगरीने माझा माइक मुठीत धरला, तोंडाजवळ ओढला आणि मान खाली घालून कुजबुजली.

"ताई, त्या दिवशी मीच फोन केला होता. बाबाने उचलला आणि मग मोठा आवाज आला. माझ्यामुळेच झालं ना?"

प्रश्न आला की खटका वर. पण तो प्रश्न ताईंचा नव्हता, तिचा होता. खटका खालीच राहिला.

मी जीव तोडून ओरडलो असतो, पण खटका खाली असला की मी मुका. ताईंनी वर पाहिलं. त्यांना दिसली तोंडावर मूठ धरलेली, खाली मान घातलेली एक गप्प मुलगी. गप्प मुलांना धीर द्यायला त्या नेहमी हो म्हटल्यासारखी मान हलवायच्या. तशीच हळू, मायेने त्यांनी मान हलवली.

भिंगरीने नेमकी तेव्हाच नजर वर केली. तिला उत्तर मिळालं.

आई जिन्यातून धावत आली. "काय म्हणाल्या ताई?"

"हो म्हणाल्या."

"अगं, कशाला हो म्हणाल्या?"

"सगळ्यालाच."

अहवाल चांगला आला. मुलगी सावरली आहे, आता सत्रांची गरज नाही. आईने तो कागद चार वेळा वाचला आणि त्या दिवशी ती पोटभर रडली.

आता मी इस्त्रीच्या टेबलाखाली खिळ्याला लटकतोय. मोज्याचे टाके उसवत आलेत. आईला यायला कितीही उशीर झाला, तरी भिंगरी फोन करत नाही. फोन समोर ठेवते आणि हात मांडीखाली दाबून बसते. आई शेजारणीला कौतुकाने सांगते, "पूर्वी दहा फोन करायची. आता कशी समजूतदार झालीय बघा."

हॅलो, कुणी ऐकतंय का? तिला एकदा पुन्हा विचारा हो. आणि आधी माझा खटका तेवढा वर करा.