पूजेत बसलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, तर हल्लीचे संगणक पिशवीत घालून नेतात आणि मला मात्र टेबलासकट हलवावं लागतं. माळव्यातल्या धारमध्ये उटावद दरवाजाकडे राहणाऱ्या दत्तोपंतांच्या घरी, खिडकीजवळ माझी जागा आहे. तिथून मला रस्ता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. शेजारच्या भूपेंद्रने इंदूरहून सुटे भाग आणले आणि आपल्या दुकानाच्या फरशीवर बसून मला जोडलं. दत्तोपंत तेव्हा शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी मला चारही बाजूंनी पाहिलं, जशी गाय पाहावी तसं. भूपेंद्र म्हणाला, "भिया, बेफिकर ले जाओ. बरसों इसको कुछ नी होने का." त्याचं म्हणणं खरं ठरलं, याचं श्रेय मी स्वतःकडे घेतो.

सुरुवातीची माझी वर्षं थाटाची होती. मराठी समाजाच्या गणेशोत्सवाची पत्रिका माझ्यावर तयार व्हायची. लोक येत, "वा, पंत, अगदी छापल्यासारखं!" म्हणत. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. पत्रिका मोबाइलवर जाऊ लागली आणि मला कोणी विचारेना. दत्तोपंतांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, माझ्यावर स्वतः विणलेला रुमाल पांघरला आणि त्यावर फुलदाणी ठेवली. अशा वेळी मनाला काय वाटतं, ते अडगळीच्या खोलीतल्या वस्तूंनाच विचारा.

त्या रुमालाखालूनच मी रुक्मिणीबाईंचं विसरणं ऐकलं. आधी त्या चष्मा विसरल्या. मग चहा घेतल्याचं विसरल्या. पुढे दत्तोपंतांना त्या "अहो मास्तर" म्हणू लागल्या, कारण समोरचा पांढऱ्या केसांचा माणूस आपला मुलगा आहे हे त्यांना पटेना. देवासहून दत्तोपंतांच्या धाकट्या बहिणीचा, शशिकलाबाईंचा, फोन यायचा. दत्तोपंत दर वेळी एकच सांगत, "आई बरी आहे. झोपली आहे आत्ता." मी ऐकत असे. आई जागीच असायची.

एका सकाळी रुक्मिणीबाई गेल्या. शशिकलाबाई आल्या त्या थेट अंत्यदर्शनालाच. आई इतके महिने आजारी होती हे त्यांना शेजारणीच्या तोंडून कळलं. तेराव्याला त्या एवढंच बोलल्या, "मला कळवलं असतंस तर काय बिघडलं असतं, दादा?" दत्तोपंतांनी मान खाली घातली. शशिकलाबाई बसने देवासला परतल्या आणि त्यानंतर ना त्यांचा फोन आला, ना यांचा गेला. हट्टाच्या बाबतीत भाऊ-बहीण एकाच ताटात जेवलेले.

या दोघांच्या मध्ये होती अपूर्वा, शशिकलाबाईंची मुलगी. देवासच्या एका कॉलेजात ती संगणक शिकवते. मागच्या पावसाळ्यानंतर ती मामाला भेटायला आली आणि तिने फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. रुमाल झटकला. धुळीने तिला सटासट शिंका आल्या, आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

"मामा, हा चालतो का अजून?"

"चालेल की. पण आता त्याला काम काय?"

"काम मी देते ना. एकदम मोठं काम."

तिने समजावून सांगितलं. आपल्या शरीरातल्या प्रथिनांची घडी पडायची एक पद्धत असते. घडी चुकली की आज्जीसारखे विसरण्याचे आजार होतात. ती घडी कशी पडते, कुठे चुकते, याचं गणित एवढं अफाट आहे की एकट्या यंत्राच्या आवाक्यातलं नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे बारीक तुकडे करतात आणि इंटरनेटवरून जगभरच्या घरांत वाटतात. लग्नघरचे पापड आळीतल्या बायका आपापल्या घरी लाटून देतात ना, तसंच. रिकामा पडलेला संगणक आपला तुकडा सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा घेतो. प्रत्येक तुकड्याला मुदत असते, आणि पूर्ण झाला की गुण मिळतात.

"आमची एक टीम आहे," अपूर्वा म्हणाली. "कॉलेजची काही मुलं, आपले थोडे नातेवाईक. घरचा कॉम्प्युटर पण लावलाय, मम्मी सांभाळते. टीमचं नाव रुक्मिणी ठेवलंय. तुम्ही येता का?"

दत्तोपंतांनी तो विणलेला रुमाल घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "लाव बाई. मला काय करावं लागेल?"

"काहीच नाही. बस चालू ठेवायचं. बाकी सगळं अपने आप होतं. टेन्शन नका घेऊ."

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. मित्रांनो, या वयात मला विज्ञानाची सेवा घडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तापायचो, पंखा घरघरायचा. उन्हाळ्यात दत्तोपंत स्वतःच्या अंगावरचा टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवत. आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्यासमोर बसत आणि टीमचं पान उघडत. तिथे प्रत्येकाचं नाव आणि शेवटचा तुकडा कधी पूर्ण झाला ते दिसे. मी समजलो, माझी कामगिरी बघतात. छाती फुगवून मी माझं 'धार' हे नाव दाखवायचो. पण त्यांची नजर माझ्या नावावर थांबतच नसे. ती खाली सरके, 'देवास' लिहिलेल्या ओळीवर. तिथे ताजी वेळ दिसली की ते पुटपुटत, "आहे. चालू आहे." मग चहा प्यायचे.

पुढे अपूर्वाच्या बोलण्यातून कळलं की तिकडे तिची आईही हेच करते. सकाळी उठून 'धार'ची ओळ बघते आणि मग स्वयंपाकाला लागते. दोघांचं बोलणं नव्हतं, पण दोघांनाही एकमेकांची खबर हवी होती, आणि ती माझ्यावरून जात होती. मला अभिमान वाटायचा. थोडा रागही यायचा, कारण फोन हाताशी असून ही माणसं मला मध्ये घालत होती.

मग नवरात्र आलं. या घरात सप्तमीला सरस्वती बसते. पोथ्या, लेखणी, अडकित्ता, विळी, हातोडी, जे जे काम करतं ते धुऊन पुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. आजवर मला कधी हा मान मिळाला नव्हता. पत्रिकेच्या दिवसांत ते कोणाला सुचलं नाही, आणि पुढे बसून खाणाऱ्याची कसली पूजा? या वर्षी मात्र दत्तोपंतांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, बंद केलं, झेंडूची माळ घातली आणि कपाळावर कुंकू लावलं. म्हणाले, "राबलास रे वर्षभर. घे विसावा." मग जरा विचार केला आणि स्वतःचा मोबाइलही बंद करून माझ्या शेजारी ठेवला. तोही राबतच होता की!

तुम्ही म्हणाल, बंद होतास तर पुढचं तुला कसं ठाऊक? अहो, बंद म्हणजे बहिरा नव्हे; आणि देवासचं पुढे घरात बोलण्यात आलं, तेही ऐकलं.

देवासला सप्तमीला 'धार'ची ओळ थांबली. शशिकलाबाईंना वाटलं, लाइट गेली असेल. अष्टमीलाही तीच जुनी वेळ. अपूर्वाने फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. भूपेंद्रचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. शशिकलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. माहेरच्या सरस्वतीपूजेत संगणक आणि मोबाइल जाऊन बसतील हे त्या बिचारीच्या ध्यानात कसं यावं? त्यांच्या लहानपणी तिथे पोथ्या आणि विळीच बसायची.

नवमीच्या दुपारी दार धाडकन उघडलं.

"दादा! दादा, कुठे आहेस रे?"

दत्तोपंत स्वयंपाकघरातून खिरीची पळी हातात घेऊन बाहेर आले. "शशी? तू? काय झालं?"

शशिकलाबाई चप्पलही न काढता दारातच बसल्या. मागून अपूर्वा पिशव्या घेऊन आली, तिचाही चेहरा उतरलेला.

"मामा, फोन का बंद आहे तुमचा? कॉम्प्युटर पण बंद! हद्द आहे!"

"अगं, पूजेत बसवलेत," दत्तोपंत गोंधळून म्हणाले. "मला काय धाड भरलीये?"

अपूर्वाने पाटाकडे पाहिलं. माळ घातलेला मी, शेजारी कुंकवाचं बोट लावलेला मोबाइल. तिला हसू फुटलं. पण तिची आई हसली नाही. ती रडत होती.

"हसू नकोस गं. बस इंदूरला थांबली तेव्हा मला वाटलं, परत तसंच होणार. मी पोचेन तेव्हा सगळं संपलेलं असेल. याही वेळी मला कोणी सांगणार नाही."

दत्तोपंतांच्या हातातली पळी फरशीवर टपटप गळत होती. ते बहिणीसमोर खाली बसले. या घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"चुकलं माझं, शशी. ती मलाच ओळखत नव्हती. मास्तर म्हणायची. तू आली असतीस आणि तुलाही तिने ओळखलं नसतं, तर ते मला बघवलं नसतं. म्हणून बरी आहे, बरी आहे म्हणत राहिलो."

"नसतं ओळखलं तर नसतं," शशिकलाबाई म्हणाल्या. "मी तर तिला ओळखलं असतं ना, दादा!"

दत्तोपंतांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि तेही रडू लागले. अपूर्वा आत जाऊन खीर ढवळू लागली, कारण ती खाली लागायला आली होती.

दसऱ्याला मला पुन्हा सुरू केलं. माझ्या हातातल्या तुकड्याची मुदत टळून गेली होती. तो दुसऱ्या कोणाच्या घरच्या संगणकाकडे गेला, आमचे गुण बुडाले. टीम खाली घसरली, आणि त्याचं कोणालाही काही वाटलं नाही.

मी अजून काम करतो. धूळही वेळेवर पुसली जाते. पण आता सकाळी दत्तोपंत चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसत नाहीत. ते ओटीवर बसतात आणि देवासला फोन लावतात. भाजीचा भाव काय झाला, गुडघा कसा आहे, आईची कुठलीतरी आठवण, असं पुष्कळ वेळ चालतं. मला थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका. त्याला काम द्या, ते जीव ओतून करेल. पण आपलं माणूस बरं आहे का, हे आम्हाला विचारू नका. आम्हाला फक्त चालू आणि बंद एवढंच कळतं. तुमचा फोन उचलायला कोणी आहे, तोवर त्यालाच विचारा.