भेंडीची सावली

"झाड कुटं हाय?"

गंगाबाईने डोक्यावरची पाटीसुद्धा उतरवली नव्हती. बागेच्या फाटकातून ती आत आली आणि जागच्या जागी थांबली. भिंतीलगतच्या कोपऱ्यात, जिथे तिचं भेंडीचं, भाजीच्या नव्हे तर खाडीकाठच्या उंच भेंडीचं, झाड होतं, तिथे मोकळं आभाळ दिसत होतं. खाली मातीने बुजवलेला खड्डा, आणि त्यावर जेसीबीच्या दातांचे वळ.

शशिकलाताई आळं करता करता उठल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बाग मनावर घेतली होती. नवीन पनवेलच्या या सेक्टरात बाग म्हणजे मोडके झोपाळे, दारूच्या बाटल्या आणि कंबरभर गाजरगवत, असंच सगळे धरून चालले होते. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमवून ताईंनी ती उघडी केली होती.

"कोणतं झाड, गंगाबाई?"

"माजा झाड. भेंडीचा. कोनी तोडला?"

"ते होय? अहो, त्याच्या फांद्या विजेच्या तारेला लागत होत्या. मुळांनी भिंतीलाही तडा गेला होता. रीतसर अर्ज करून रविवारी काढून घेतलं. आपोआप उगवलेलं होतं ना ते?"

गंगाबाईने पाटी खाली ठेवली आणि त्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिली. तीन दिवस ती जासईला भाचीच्या लग्नाला गेली होती. हातावरची मेंदी अजून लाल होती.

"आपोआप नाय आला," ती म्हणाली. "माज्या मानसानं लावलेला."

ताईंच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. सहा महिने त्या या बाईला फाटकाशी बसून मासे विकताना पाहत होत्या. कितीदा तिच्याकडून कोलंबी घेतली होती, उन्हात तिच्या शेजारी त्या झाडाखाली उभं राहून. झाड कोणी लावलं, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"तुम्ही तेव्हाच सांगायचं होतंत, गंगाबाई."

"मना काय ठावं तुमी तोडनार? तुमी झाडा लावता म्हनून मी बिनघोर व्हते."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर ताईंना सोपं गेलं असतं. पण ती अगदी सरळ बोलली होती.

गंगाबाईने विचारलं, "फांद्या कुटं टाकल्या?"

फांद्या डंपरने नेल्या होत्या, कळंबोलीच्या पलीकडे, जिथे सगळ्या भागातला बागांचा पालापाचोळा टाकतात त्या मोकळ्या जागेवर. दोनच दिवस झाले होते.

"भेंडीची मेढ जमिनीत खोचली तं फुटते," गंगाबाई म्हणाली. "जिवंत असली तं."

तेवढ्यात सत्यजीत झारी घेऊन आला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, घरूनच काम करायचा, आणि बागेचा नकाशा त्यानेच काढला होता. झाड तोडायचा अर्जही त्याच्याच सहीचा. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही आणि काकू आत्ताच्या आत्ता जा. मी बसतो तुमच्या पाटीपाशी."

"तू बामनाचा पोर. तुला वास सोसंल?"

"सोसेन."

रिक्षा हायवेला लागली तेव्हा ताईंनी मागे वळून पाहिलं. सत्यजीत नाकाला रुमाल लावून, एका हाताने कावळे हाकलत, बोंबलांच्या राखणीला बसला होता.

लोखंडाच्या बाजाराजवळ ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, तेव्हा गंगाबाई आपणहून बोलू लागली.

तिचं गाव तरपाडा. खाडीच्या अगदी तोंडावर, चाळीस घरांचं. प्रकल्पासाठी गाव उठलं त्याला आता आठ वर्षं झाली. लोकांनी दारं काढली, चौकटी काढल्या, कौलं उतरवली. तिच्या नवऱ्याने, गणूने, यातलं काही केलं नाही. तो घरामागे गेला आणि बापाच्या हातच्या भेंडीची मनगटाएवढी फांदी कोयत्याने तोडून घेऊन आला.

"मी म्हनलं, आरं, भांडी उचल, ही लाकडा काय करायची? तं म्हने, भांडी कुटं बी मिलतील."

नव्या वसाहतीत त्यांना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. फरशी गुळगुळीत, नळाला पाणी, पण फांदी लावायला जमीन नव्हती. दोन दिवस ती मोरीत बादलीत उभी होती. मग गंगाबाईच्या धंद्याच्या जागेशेजारी, या ओसाड बागेत, गणूने ती रोवली. तेव्हा तिथे कुत्रीसुद्धा बसत नव्हती.

"रोज माज्यासंगं यायचा. होडी इकलेली, जालां वाटून टाकलेली. करनार काय? पानी घालायचा नं बसायचा. झाड मोठा झाला तं त्याच्या बुंध्याला पाठ लावून डोले मिटायचा. म्हनायचा, गंगे, हितं वारा खाडीवरचा येतो. मी म्हनायची, येडा झालास, हितं कुटली खाडी? हायवेचा वारा हाय त्यो."

"मग?"

"मंग काय. तीन वर्सं झाली त्याला जाऊन." तिने पदराने नाक पुसलं. "आता मना बी वाटायचा तसाच. खाडीवरचाच वाटायचा."

ताईंनी तिचा हात धरला. हाताला मासळीचा वास होता, तो त्यांच्याही हाताला लागला.

ती जागा म्हणजे पालापाचोळ्याची टेकडीच होती. नारळाच्या झावळ्या, मेंदीच्या कुंपणाची कात्रणं, गुलमोहराच्या शेंगा, सगळं मे महिन्याच्या उन्हात चुरचुरत होतं. दोघी दोन बाजूंनी शिरल्या. ताईंच्या साडीला काटे लागले, चपलेचा अंगठा तुटला. त्यांना प्रत्येक फांदी सारखीच दिसत होती. गंगाबाई मात्र वाळलेली पानं चिमटीत धरून बाजूला सारत चालली होती. दीड तासाने तिची हाक आली.

झावळ्यांच्या खाली भेंडीच्या फांद्यांचा ढीग होता. पानं करपली होती, पण आकार तोच, बदामी. एका देठाला सुकलेलं फूल होतं, पिवळ्याचं तांबूस झालेलं. गंगाबाई उकिडवी बसली. एकेका फांदीची साल ती नखाने खरवडून पाहू लागली. आत तपकिरी निघालं की फांदी बाजूला. सात झाल्या, आठ झाल्या. नवव्या फांदीची साल खरवडल्यावर ती थांबली आणि नख ताईंच्या डोळ्यांपुढे धरलं. नखावर हिरवा ओलावा होता.

तशा तीन मिळाल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर आडव्या घेऊन तिने त्या आणल्या.

जुन्या जागी तारेखाली पुन्हा झाड लावता येणार नव्हतं. सत्यजीतने मोबाइलवर नकाशा उघडला. बागेच्या मधोमध योगासाठी हिरवळ आखलेली होती.

"इथे लावू," तो म्हणाला.

"आणि योग?" ताईंनी विचारलं.

"करतील लोक झाडाच्या बाजूला."

पहिली फांदी जूनच्या पहिल्या आठवड्यात वाळली. दुसरी पावसात कुजली. तिसरीकडे गंगाबाई रोज यायची, पाटी उतरवायच्या आधी. बोटाने साल चाचपायची आणि मग फाटकाशी जाऊन बसायची. आता रविवारी ती इतरांबरोबर बागेत काम करू लागली होती. पदर खोचून गवत उपटताना तिचा हात सगळ्यांपेक्षा वेगाने चालायचा.

जुलैच्या मध्यावर तिसऱ्या फांदीला डोळा फुटला. मग दोन पानं आली, तळहाताएवढी. सत्यजीतने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. सोसायटीतून लोक खाली येऊन बघून गेले. ताईंनी पेढे आणले. गंगाबाईने पेढा घेतला, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"आनंद नाही झाला, गंगाबाई?"

"झाला ना." ती त्या दोन पानांकडे बघत होती. "पन खाली बसायला सावली व्हायला पाच-सात वर्सं जातील, बाई. माजी सत्तरी आली. ज्या सावलीत त्यो बसला व्हता ती काय आता येत नाय."

क्षमा ताईंची मागून झाली होती आणि गंगाबाईने ती केव्हाच देऊन टाकली होती. झाडही आलं होतं. तरी काहीतरी राहिलंच होतं. त्या तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "तरपाडा कसं होतं हो?"

गंगाबाईने चमकून वर पाहिलं. गाव उठल्यापासून कागद मागणारे पुष्कळ भेटले होते. गाव कसं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"कसा म्हंजे?"

"म्हणजे तुमचं घर कुठे होतं, बाकीची कुठे होती?"

गंगाबाईने इकडे तिकडे पाहिलं. गवत काढलेली जमीन पावसाने मऊ झाली होती. तिने एक काटकी उचलली आणि एक लांब वाकडी रेघ ओढली.

"ही खाडी." मग रेघेच्या अलीकडे एक चौकोन. "ह्यो मारुती. हितं होड्या लागायच्या. ही शकूची पडवी, तिच्या म्होरं जालां सुकायची. हितं इहीर, पानी मचूल, पन भांडी घासायला चालायचा. हा आमचा घर. ह्या अंगाला बुधाजी, त्या अंगाला काशीराम."

ती सरकत सरकत काढत गेली. एकेक घर, एकेक नाव. कुठे चुकलं तर तळव्याने माती सारखी करून पुन्हा काढायची. चाळीस घरं होईस्तोवर अर्धी मोकळी जागा भरली. संध्याकाळची फिरायला आलेली माणसं कडेला थांबून बघू लागली.

सत्यजीत फाटकातून घाईने आला, कानाला फोन लावलेला. तो सरळ त्यांच्याकडे चालत होता.

"आरं, थांब, थांब!" गंगाबाई ओरडली. "काशीरामच्या घरात पाय पडंल!"

तो एका पायावर थांबला. खाली बघितलं. मग फोन बंद करून, बुधाजीच्या अंगणाला वळसा घालून, विहिरीच्या कडेकडेने तो त्यांच्यापर्यंत आला.