सर्व्हर नावाची होडी

अठरा मे रोजी आमच्या मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर रीतसर होडी झाला.

असं काहीही झालेलं नाही. चेअरमनसाहेबांनी मीटिंगमध्ये तसं सांगितलंय, आणि दप्तरात तर मुळीच झालेलं नाही. मी फक्त न झालेली गोष्ट जशी झाली तशी सांगतो.

आमचं ऑफिस जेटीसमोर, आणि सर्व्हर माडीवर, तापलेल्या पत्र्याखाली. होड्यांच्या निघायच्या पावत्या त्यातूनच निघतात. पावती नाही तर होडी हलत नाही. माडीवरचा एसी दिवाळीतच गेला. नव्या एसीचा अर्ज वर गेला, तो अजून खाली आलेला नाही. सर्व्हर नव्वद डिग्रीला पोचला की स्वतःहून बंद पडतो.

म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ती दर पाच मिनिटांनी सर्व्हरचं तापमान बघते. ऐंशीच्या वर गेलं की एका व्हेरिएबलमध्ये मशीनचं नाव घेते, दुसऱ्यात आकडा, आणि दोन्ही बाहेरच्या एका कमांडच्या हातात देते. कमांड मेसेज पाठवते. ही कमांड नवीन लिहायचा मला कंटाळा आला. माझ्याआधी इथले कॉम्प्युटर बघणाऱ्या विनोदने एक लिहून ठेवलेली होती. नाव द्या, आकडा द्या, मेसेज जातो. कुणाला जातो, हे काही मी बघितलं नाही.

तो बर्फाच्या फॅक्टरीत दादूला जात होता. होडीचं नाव आणि बर्फाच्या लाद्या किती.

त्या दुपारी मला एकही मेसेज आला नाही. म्हणजे सगळं आलबेल, असं समजून मी चहा घेतला. तेवढ्यात खाली टेम्पो लागला.

"सर्व्हर कुठाय?" हमालाने विचारलं.

"माडीवर," आमचा शिपाई भिवा म्हणाला. खोटं तो कधी बोलत नाही.

जेटीवर होडीच्या नावाला कुणी हसत नाही. 'व्हाइट हाऊस' आहे, 'सॉरी आई' आहे. 'सर्व्हर'ने काय घोडं मारलंय? आणि होडी माडीवर का, हे विचारणं हमालाचं काम नाही. मी जिन्यात पोचेपर्यंत वीस लाद्या सर्व्हरच्या भोवती रचून झाल्या होत्या. भिवाने समोर पंखाही लावला होता.

दादूचा फोन आला. "हितेश, तुमची होडी हाकणारा तांडेल कोण रे? आधी एक्क्याऐंशी, मग त्र्याऐंशी, मग चौऱ्याऐंशी. काय ता एकदा ठरव म्हणावं!"

"दादू, ते तापमान आहे."

"तापट असंल, पण आकडा एक सांगायचा ना!"

मी पुढे काही बोलणार, तोच खालून आवडाबाई आल्या. त्यांची होडी साडेतीनच्या भरतीला निघणार होती. ती चुकली की चार दिवसांची फेरी गेली. पावती अडकलेली, कारण सर्व्हर तापून रांगत होता. आणि बर्फ नाही, कारण दादूने सांगितलं होतं, आज सगळा सर्व्हरने नेला.

"कोण रे हा सर्व्हर? कुणाची होडी?"

"आमची."

"कुठं लावलीस?"

मी वर बोट केलं. त्या जिना चढल्या. बर्फात बसलेलं, हिरवे दिवे मिचकावणारं कपाट त्यांनी नीट निरखलं.

"मेल्या, हिला मासळी कितीशी लागते?"

तेवढ्यात प्रिंटर खरखरला. बर्फाने सर्व्हर गार झाला होता आणि आवडाबाईंची पावती बाहेर आली. तीन वाजले होते. खाली टेम्पोत उरलेला सगळा बर्फ मी त्यांच्या होडीवर चढवला, वीस मिनिटांत, स्वतः हमालांच्या जोडीला. जाताना त्या म्हणाल्या, "तुझी होडी बरी. भिजते, पण बुडत नाय."

होडी धक्क्यावरून सुटली आणि दादूचा पुन्हा फोन. स्क्रिप्टने शहाण्यासारखा 'आता गार झालो' हाही मेसेज पाठवला होता.

"आता अडतीसच? निघालेला बर्फ परत घेत नाय हां!"

मी कमांड काढून टाकणार होतो. चेअरमन म्हणाले, हात लावू नकोस, एसीपेक्षा बरं चाललंय. आता स्क्रिप्ट आकड्याला दहाने भागते आणि रोज आठ लाद्या येतात. दादूच्या वहीत सर्व्हरचं स्वतंत्र पान आहे. फक्त कालपासून तो म्हणतोय, एक जूनला बंदी लागली की होड्यांना बर्फ नाय. होडी ती होडी.

सबब, माननीय परवाना अधिकारी साहेब, 'सर्व्हर' ही नौका कार्यालयाच्या माडीवर कायमस्वरूपी नांगरलेली असून आजपावेतो तिने एकही मासा पकडलेला नाही. तरी सदर नौकेस पावसाळी मासेमारी बंदीतून सूट मिळावी, व तशी सूट देता येत नसल्यास निदान तिला समुद्रात जाण्यापासून रोखण्यासाठी माडीवर एक एसी बसवून मिळावा, ही नम्र विनंती.