विहिरीवरचे हिरवे दगड

रोहणा गावच्या शेतात नव्या विहिरीतून निघालेल्या ढिगात अनुपला हिरवे दगड दिसले, आणि त्याच्या चुलतबहिणीला, पौर्णिमाला, पहिला संशय त्याचाच आला. अनुप ते शेत प्लॉटवाल्या मोतीलालला विकायला निघाला होता. भाव वाढवायला नेमके आत्ताच बरे दगड निघाले!

ती वर्ध्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. रविवारी येऊन तिनं एक दगड हातात घेतला. सापाच्या कातडीसारखा हिरवा, मध्ये काळे ठिपके.

"हा जुन्या समुद्राच्या तळाचा दगड आहे. दोन भूखंड भिडले, मधला समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचे तुकडे डोंगरात चढून बसले. हे काळे ठिपके क्रोमाइट खनिजाचे. अशा दगडांच्या पट्ट्यात तांबंही सापडतं."

"म्हणजे खाण लागली?"

"इथं? इथं सगळा लाव्हाचा काळा दगड. खरं सांग, कुठून आणले?"

"मी काऊन आणू? मलेच चोर ठरवून राह्यली तू!"

पौर्णिमानं ढीग उपसला. काळे दगड सुरुंगानं फुटलेले, धारदार. हिरवे तेवढे गोल, नदीत घासलेले, आणि तेही फक्त ढिगाच्या वर. असे गोटे लडाखात सिंधूकाठी मिळतात.

"लडाखले कोण गेलतं रे?"

 अनुपनं आईकडे, धुरपताकाकीकडे, पाहिलं. बुद्धविहारातल्या बायांसोबत ती गेल्या वर्षी लेहला जाऊन आली होती.

"मीच टाकले," चहाचे कप खाली ठेवत काकी म्हणाली. "जमिनीत काही निघालं का सरकारची चौकशी लागते, सौदा अडते, असं ऐकलं मी."

"शेत विकाचं नव्हतं तं मले सांगाचं ना, माय!"

"सांगतलं नाई का? तू आयकत होता का?"

अनुपनं रागारागानं मोतीलालला फोन लावला, स्पीकरवर. दगड बाहेरचे आहेत, खाणबिण काही नाही, असं सरळ सांगून टाकलं. दगडांची बातमी मोतीलालपर्यंत आधीच पोचली होती. तो हसला.

"खाण लपवून राह्यले का भाऊ? आता तर घेतोच. उद्याच सह्या करू."

अनुपच्या कपाळाला आठी पडली. एवढी कायची घाई याला? त्यानं फोन आईपुढे धरला. "शेत मायच्या नावावर आहे. तिलेच विचारा."

"विकाचं नाई," काकी म्हणाली.

निघताना पौर्णिमानं अनुपची माफी मागितली. तो "हो" म्हणाला. पण दरवेळी बसपर्यंत सोडायला येणारा भाऊ त्या दिवशी विहिरीपाशीच उभा राहिला.