महिन्याएवढं अंतर

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा बोटं जपा, माझी टोकं अजून बोचतात. मी एक जुना पितळी कर्कटक आहे. तुमच्या कंपासपेटीत असतो तसाच, पण अंगाने थोराड आणि दोन पायांच्या मध्ये स्क्रू असलेला. स्क्रू आवळला की माझे पाय हलत नाहीत. निदान हलू नयेत, अशी रीत आहे.

माझे मालक श्रीपतराव कोयलीच्या एका कारखान्यात नळांचे नकाशे काढायचे. नळाचा एकेक सांधा ठरलेल्या अंतरात बसतो का, हे ते माझ्याकडून तपासून घ्यायचे. "याच्यावर माझा डोळे मिटून भरवसा," असं ते चारचौघांत म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं. निवृत्तीनंतर नागरवाड्यातल्या घरी त्यांनी भिंतीवर आलेखाचा कागद लावला. तेव्हा अख्ख्या बडोद्याला शेअरचं वेड लागलं होतं. श्रीपतराव रोज पेपरात एका कापड कंपनीच्या शेअरचा भाव पाहून ठिपका द्यायचे. कालच्या ठिपक्यापासून तो किती हलला, हे मोजणं माझं काम.

त्यांची धाकटी बहीण अहल्याताई विधवा होती. नवऱ्यामागे राहिलेली सगळी पुंजी त्या शेअरमध्ये लावायची का, हे ती दादाच्या शब्दावर ठरवणार होती.

"दादा, बराबर बघितलंस ना? उड्या नाही ना मारत?"

"अगं, एकदम शांत छे!" श्रीपतराव बडोद्याच्या गुजराती वळणाने म्हणाले. "एकही दिवस या कर्कटकाच्या बाहेर गेला नाही. चिंता नको करूस."

ते खरं होतं, आणि मला भीती वाटत होती ती त्याचीच. बाजारातला भाव कधी उसळतो, कधी बसतो. हा मात्र रोज तेवढाच चढायचा. माझे पाय कमी-जास्त करावेच लागत नव्हते. बंद घरात कुणीतरी एकेक पायरी जिना चढत असावं, तसं वाटायचं. श्रीपतराव जुन्या सवयीने एकेक सांधा तपासत राहिले. सगळा नळ कुठवर चढलाय, ते त्यांनी मागे सरकून पाहिलंच नाही.

एका दुपारी मला आवळून ते चहाला गेले. खोलीत कुणी नव्हतं आणि माझा स्क्रू फिरू लागला. तो मी फिरवला नाही, मित्रांनो, मला कुठून येणार ते! कुणाच्या तरी अनोळखी, गार बोटांनी माझे पाय धरले, फाकवले आणि महिन्यापूर्वीच्या ठिपक्यापासून आजच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर भरल्यावर सोडून दिले. श्रीपतरावांनी येऊन मला मिटवलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. "स्क्रू घसरायला लागला लेकाचा," म्हणत त्यांनी पक्कडीने तो असा पिळला, की आटेच अडकले. त्याच संध्याकाळी अहल्याताईने सगळी पुंजी लावली.

भाव मुद्दाम वर ओढणारे सटोडिये एक दिवस आपले शेअर विकून, हात झटकून निघून गेले. ठिपके खाली उतरू लागले. कागद संपला, तरी ते उतरतच राहिले. विकायला जावं, तर घेणारं कुणी नव्हतं.

अहल्याताई भिंतीपाशी उभी राहिली. "दादा, महिन्याचं अंतर मोजलं होतंस?"

श्रीपतरावांनी भिंतीवरचा कागद उतरवून गुंडाळला. मी अडगळीच्या डब्यात पडलो, काळा पडलो, आणि मला फार एकटं वाटलं. पुढे श्रीपतराव वारले, तेव्हा त्यांच्या वस्तूंतून अहल्याताईने फक्त मला मागून घेतलं.

आता ती फतेगंजला नातीकडे राहते. परवा नात निरुपमा फोन घेऊन आली. "आजी, हा शेअर बघ ना! सकाळपासून जरासुद्धा हलला नाही, म्हणजे भरवशाचा. माझा सगळा पगार यातच टाकते."

आजीचा चेहरा उतरला. तिने मला काढलं, आट्यांत तेलाचा थेंब सोडला आणि टेबलावर ठेवलं. "आधी महिना मोज. मग वर्ष."

निरुपमाने हसत हात पुढे केला. तो पोचायच्या आत माझे पाय उघडू लागले. या वेळची बोटं गार नव्हती. पेन्सिल धरून घट्टे पडलेली ती बोटं मी लगेच ओळखली. निरुपमाचं हसू थांबलं. आजी मात्र दचकली नाही.

"राहू दे, दादा," ती हळूच म्हणाली. "तिचं तिला मोजू दे."

माझे पाय थांबले. निरुपमाने फोनवरची दिवसाची रेघ पुसून महिन्याची काढली, आणि मला उचललं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळेवर तेल द्या. आणि एखादी आपणहून उघडू लागली, तर तिला पक्कडीने आवळू नका.